दगड राखले, शिवार कोण राखणार?

दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी इंग्लंडमधल्या लॅक्स्टन गावचे काही शेतकरी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून शिवारात जातात. गहू नुकताच उगवून आलेला असतो. लालसर चिकणमाती बुटांना लगडते. सोबत लाकडी खुंट्या आणि त्या ठोकायला मोगरी असते. गावाने निवडलेले आणि रीतसर शपथ घेतलेले हे पंच. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी ते उतरतात. कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात, शिवाररस्त्यात किंवा सामाईक गवताच्या तुकड्यात घुसला आहे का, ते बघतात. हद्द पुसट झाली असेल तिथे खुंटी ठोकतात आणि आगळीक करणाऱ्याचं नाव लिहून घेतात. आठवड्याभराने गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट भरतं आणि त्याला दंड होतो.

बांध कोरणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. यंदा एका तासाएवढी माती, पुढच्या वर्षी आणखी एका तासाएवढी, असं करत दहा वर्षांत शेजाऱ्याचं अर्धा गुंठा रान आपल्यात येतं. मग मोजणी, तहसील, दिवाणी दावा, आणि दोन पिढ्या एकमेकांच्या दारात न गेलेली भावकी. माझ्या आजोळी एक बांध असा होता की त्याच्या दोन्ही अंगांची म्हातारी माणसं वारली, तरी तारखा चालूच होत्या. लॅक्स्टनमध्ये तर दोन पट्ट्यांच्या मध्ये बांधही नाही, नांगराची एक सरी तेवढी आहे. तरीही हद्दीचा प्रश्न दर वर्षी शिवारातच, चिखलात उभं राहून, ज्यांना ती माती ठाऊक आहे अशा माणसांच्या देखत निकाली निघतो.

इंग्लंडच्या खेड्यांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा प्रवासवर्णनातून. मधाच्या रंगाची दगडी घरं, खिडकीखाली गुलाब, चर्चचा मनोरा, मागे हिरवी टेकडी. ते सगळं खरंच सुंदर आहे. पण त्या सौंदर्याच्या जतनाला इंग्लंडमध्ये जे प्राधान्य मिळत आलं आहे, त्यात एक मोठी चूक होत आहे असं मला वाटतं. खेड्याची घरं राखली गेली, पण ज्या कारभाराने ते खेडं चालत होतं तो कारभार जवळपास सगळीकडे नाहीसा झाला. जिथे तो उरला आहे, तिथेही त्याच्यामागे दगडाला मिळतं तेवढंसुद्धा संरक्षण उभं नाही.

लॅक्स्टन दिसायला साधं आहे. नॉटिंगहॅमशरमध्ये, नेवार्क शहराच्या उत्तरेला, जुन्या शेरवूड जंगलाच्या पूर्वेला ते वसलं आहे. एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विटांची घरं आणि त्यांच्या मागे गोठे आणि कोठारं. शेतकऱ्यांची घरं शेतात विखुरलेली नाहीत, गावठाणात एकमेकांना लागून आहेत, आणि हेच त्याच्या जुनेपणाचं पहिलं लक्षण. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे. सेंट मायकेलचं चर्च आहे. १०८६ साली राजाने करवलेल्या डूम्सडे या मोजणीत गावाची नोंद आहे. पण एवढं तर इंग्लंडमधल्या शेकडो गावांत सापडतं.

सापडत नाहीत ती तीन शेतं. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातलं जवळपास प्रत्येक गाव असं होतं. शिवाराचे दोन किंवा तीन मोठे, बिनकुंपणाचे तुकडे असत आणि प्रत्येक तुकड्यात प्रत्येक शेतकऱ्याचे लांबट अरुंद पट्टे विखुरलेले. कोणाच्या वाट्याला सगळी चांगली जमीन येऊ नये आणि कोणाच्या वाट्याला सगळी पाणथळ येऊ नये, हा त्यामागचा हिशोब. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कोणत्या शेतात काय घ्यायचं, कापणी झाल्यावर गुरं कधी सोडायची, हे एकट्याने ठरवता येत नसे, कारण एकाने वेळ चुकवली की साऱ्यांचं नुकसान. म्हणून पंच, म्हणून कोर्ट, म्हणून दंड.

१६३५ साली सर विल्यम कोर्टन या मालकाने मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराकडून या गावाचा नकाशा करवून घेतला. त्यात प्रत्येक पट्टा आहे, प्रत्येक घर आहे, आणि मोकळ्या जागांत नांगर हाकणारी, कापणी करणारी इवली इवली माणसंही चितारली आहेत. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. चारशे वर्षांपूर्वीचा गाव-नकाशा जपून ठेवलेला असणं ही मोठी गोष्ट आहेच, पण तो हातात घेऊन आज शिवारात गेलं तर त्याच तीन शेतांत उभं राहता येतं. ही गोष्ट इंग्लंडमध्ये जवळपास आणखी कुठे शक्य नाही.

पट्ट्यांच्या मधे जिथे जमीन फार ओली किंवा फार उताराची, तिथे नांगर कधी लागलाच नाही. त्या गवताच्या लांबट तुकड्यांना तिथले लोक साइक म्हणतात. दर उन्हाळ्यात त्यावरच्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर आणि रासायनिक खतं त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत, म्हणून इतर ठिकाणांहून हद्दपार झालेली रानफुलं तिथे टिकली, आणि आता शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून साइकांना कायद्याचं संरक्षणही आहे. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ती फुलं कोणी निसर्गप्रेमाने राखलेली नाहीत. पंचांच्या यादीत साइकात नांगर घालणं हा गुन्हा आहे, म्हणून ती राहिली. आधी नियम टिकला, त्याच्या आडोशाने फूल टिकलं. आता फुलासाठी कायदा आहे. ज्या नियमाने फूल वाचवलं, तो नियम पाळणारा शेतकरी मात्र उद्या त्या गावात असेल की नाही, याची हमी कोणताही कायदा देत नाही.

बाकी इंग्लंडमध्ये हे सगळं कुठे गेलं? ते आपोआप विझलं नाही, ते मोडण्यात आलं. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने जमिनी बंदिस्त करण्याचे ५,२०० हून जास्त कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी त्यांच्याखाली आली. गावातल्या मोठ्या जमीनमालकांनी अर्ज करायचा, संसदेने कमिशनर नेमायचे, त्यांनी विखुरलेले पट्टे एकत्र करून ज्याच्या त्याच्या नावे चौकोनी तुकडे आखून द्यायचे. सामाईक रानही वाटून टाकायचं. ज्याच्या मालकीला कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याच्यापाशी फक्त वहिवाट होती, त्या रानात एक गाय चारायची, सरपण आणायचं, कापणीनंतर कणसं वेचायची, त्याला बहुतेक वेळा काही मिळालं नाही. छोट्या मालकाला जमीन मिळाली, तरी मुदतीत कुंपण घालायचा खर्च त्याला झेपेना, आणि तोही विकून मोकळा झाला. गावोगाव अशी माणसं मजूर झाली.

मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागात, गाडीतून जाताना हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांनी आखलेली जी चौकोनी शेतं दिसतात, ज्यांना आपण आणि इंग्रजही सनातन इंग्रजी निसर्ग समजतो, ती पुष्कळशी या कायद्यांची निशाणी आहे. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की त्या हिरव्या चौकोनांच्या आत जुन्या पट्ट्यांच्या लाटा उमटून येतात. कुंपणं सरळ जातात आणि लाटा त्यांच्या खालून वळून पलीकडे निघून जातात. जुनं गाव तिथे गवताखाली आहे.

लॅक्स्टन वाचलं ते पुण्याईने नव्हे. दोन मोठ्या मालकांच्या जमिनी एकमेकांत अशा गुंतल्या होत्या की कुंपणाचा सौदा जमेना. जमायच्या बेताला आला तेव्हा धान्याचे भाव इतके कोसळले होते की कुंपणावर पैसा घालण्यात अर्थ उरला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅनव्हर्स या मालकाने पट्टे एकत्र करून थोडे मोठे केले, म्हणून पुढे ट्रॅक्टर आला तरी पद्धत मोडली नाही. मग १९५२ साली हे गाव ब्रिटिश सरकारच्या कृषी खात्याने विकत घेतलं, ते ही शेतं राखायची म्हणूनच. १९८१ मध्ये ते राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं. २०२० साली क्राउन इस्टेटने ते विकलं आणि घेतलं थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या मालमत्तेने. प्रत्येक वेळी नव्या मालकाने सांगितलं की पद्धत चालू राहील. आजवर तो शब्द पाळला गेला आहे आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण लॅक्स्टनचा बहुतेक शेतकरी कूळ आहे, मालक नाही. आपल्याकडे या शब्दाला जे वजन आहे, ते ध्यानात घेऊन मी तो वापरतो आहे. ज्या वारशाचा एवढा गौरव होतो, तो सत्तर वर्षांत तीनदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि दर वेळी त्याचं भवितव्य खरेदीदाराच्या इच्छेवर अवलंबून होतं.

याच्या शेजारी कॉट्सवोल्ड्स या पर्यटकांच्या आवडत्या टेकड्यांच्या भागातलं बायबरी गाव ठेवून बघा. तिथली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ चौदाव्या शतकात लोकरीचं कोठार म्हणून बांधली गेली. सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. आज ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे आणि तिचं चित्र ब्रिटिश पासपोर्टच्या आतल्या पानावर छापलं गेलं होतं. कौलं, धुराडी, दारांच्या चौकटी, सारं काही अतिशय काळजीने जपलेलं. पण तिथे आता विणकर नाहीत, आणि त्या अरुंद रस्त्यावर बसगाड्यांमधून उतरणारे पर्यटक इतके असतात की अलीकडच्या काळात गावकऱ्यांना त्याबद्दल जाहीर तक्रार करावी लागली. त्या माणसांना मी दोष देत नाही. सुंदर गोष्ट बघायला माणसं जाणारच. पण त्या भिंती ज्या कामासाठी उभ्या राहिल्या ते काम गेलं, तेव्हा गाव म्हणून काय उरलं, हा प्रश्न टाळता येत नाही.

याचं टोक बघायचं तर विल्टशरमधलं इंबर बघावं. १९४३ च्या नोव्हेंबरात सैन्याच्या सरावासाठी तिथल्या लोकांना गाव सोडायला सांगितलं गेलं, आणि नाताळच्या आत गाव रिकामं झालं. युद्ध संपलं, लोकांना परत जाऊ दिलं नाही. गावातलं सेंट जाइल्स चर्च मात्र पहिल्या श्रेणीची वारसा-इमारत आहे. त्याची देखभाल होते आणि वर्षातले मोजके दिवस ते लोकांसाठी उघडतात. छप्पर शाबूत आहे, भिंतीवरची जुनी चित्रंही आहेत. त्याच्याभोवती गाव नाही. इमारत वाचली म्हणजे गाव वाचलं असं जो समजतो, त्याने त्या चर्चच्या दारात थोडा वेळ उभं राहावं.

इंग्लंडमध्ये वारसा-इमारतींच्या यादीत चार लाखांच्या घरात नोंदी आहेत. १९६७ च्या कायद्याने वस्तीचा संपूर्ण भागच संरक्षित ठरवण्याची सोय झाली, आणि हजारो गावांनी त्याचा लाभ घेतला. खिडकी बदलायची तर परवानगी हवी, कौल बदलायचं तर परवानगी हवी. याला माझा विरोध नाही. आपल्याकडे वाडे ज्या वेगाने पाडले जातात ते बघितल्यावर अशा कायद्याची किंमत कळते. पण त्या खिडकीआड कोण राहतं, ते वर्षातले किती दिवस राहतं, मागच्या कोठारात धान्य आहे की सुट्टीत येणाऱ्यांसाठी खोल्या, याबद्दल तो कायदा गप्प आहे. उलट २०१४ पासून, संरक्षित क्षेत्रं सोडून, शेतातल्या कोठाराचं घर करायला पूर्ण नियोजन-परवानगीही लागेनाशी झाली. मुख्य घराखेरीज अधूनमधून वापरायला ठेवलेल्या दुसऱ्या घरांवर स्थानिक कर दुप्पट लावायची मुभा इंग्लंडमधल्या कौन्सिलांना मिळाली ती २०२५ च्या एप्रिलपासून. तोवर कित्येक सुंदर गावांत हिवाळ्याच्या रात्री दिवा लागणारी घरं मोजकीच उरली होती.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप शेतीचा. विखुरलेल्या पट्ट्यांत यंत्र फिरवायचं म्हणजे डिझेल आणि वेळ दोन्ही वाया. एका शेतकऱ्याला पाळीबाहेर जाऊन नवं पीक घ्यायचं तर घेता येत नाही. अठराव्या शतकातल्या सुधारकांनी हेच म्हटलं होतं. आपल्याकडचा १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदाही याच तर्कावर उभा राहिला, आणि तो तर्क खोटा नव्हता. पण कुंपणांमुळे उत्पन्न नक्की किती वाढलं, याबद्दल इतिहासकारांत अजूनही वाद आहे. बिनकुंपणाच्या गावांनीही नवी पिकं आणि नव्या पाळ्या स्वीकारल्याचे दाखले आहेत. लॅक्स्टनचे पट्टे मोठे झाले, नांगर बदलला, पड जमिनीत चाऱ्याचं पीक आलं. जी पद्धत आपली आपण बदलू शकते, तिला मागासलेली म्हणणं बरोबर नाही. आणि सगळ्या इंग्लंडने पट्ट्यांची शेती करावी असं कोणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या एका शिवाराचा.

याच आक्षेपाचं दुसरं रूप अमेरिकन अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं: जे सामाईक असतं ते नासतं, कारण प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडतो. त्यांच्या मनातलं कुरण इंग्लंडच्या खेड्यातलंच होतं. पण खऱ्या खेड्यात पंच होते. किती गुरं सोडायची याचा आकडा ठरलेला होता, तो ओलांडणाऱ्याला दंड होता, आणि दंड करणारा माणूस उद्या त्याच्याच शेजारी नांगरणार होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा सामाईक व्यवस्था तपासून दाखवलं की जिथे हद्दी स्पष्ट आहेत, देखरेख वापरणारेच करतात आणि शिक्षा लहान चुकीला लहान अशा पायऱ्यांनी वाढते, तिथे सामाईक गोष्टी पिढ्यानपिढ्या टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी लॅक्स्टनच्या शेतात यातलं एकेक कलम डोळ्यांनी बघता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. हे कोर्ट मुळात सरंजामदाराचं होतं. त्याच्या नावाने भरायचं, त्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांना बांधून ठेवायचं. गावच्या एकीचे गोडवे गाणं सोपं असतं, त्या एकीत तळाशी कोण होतं हे विचारणं अवघड. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत गावगाड्याच्या गौरवावर जे कठोर प्रहार केले, ते वाचून मोठा झालेला मराठी माणूस इंग्लंडच्या गावकीबद्दलही डोळे मिटून लिहू शकत नाही. आपल्या गावकीत पंचांच्या बैठकीला कोणाला बसता येत होतं आणि कोणाला वेशीबाहेर उभं राहावं लागत होतं, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणूनच लॅक्स्टनचं जे मोलाचं आहे ते नेमकं वेगळं काढायला हवं. मालकाचा मानपान, जुनी पदं, लॅटिन-फ्रेंच शब्द यांत मला रस नाही. मोल आहे ते या सवयीत, की जमिनीवरचा तंटा जमिनीवर उभं राहून, कसणाऱ्यांनी, दर वर्षी ठरल्या दिवशी मिटवायचा आणि उगाळत ठेवायचा नाही. सरंजामी कोर्टाच्या पोटात ही सवय वाढली हे खरं. पण सरंजाम गेल्यावरही ती चालू राहिली, म्हणजे तिला त्याची गरज नव्हती.

या जागी आपला आणि या गोष्टीचा एक खरा धागा आहे. इंग्लंडमध्ये कुंपणांचे कायदे जोरात होते त्याच सुमाराला पेशवाई संपली. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टन या ब्रिटिश प्रशासकाने दख्खनच्या गावांबद्दल लिहिलं की वरचं राज्य नाहीसं झालं तरी आपल्या माणसांना बऱ्यापैकी सांभाळतील इतकी ती आपापल्या परीने पुरती आहेत. दिवाणी तंट्यांसाठी पंचायती चालू ठेवाव्यात असा त्याचा प्रयत्नही होता. तो फार काळ टिकला नाही. १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नवी जमीनमोजणी सुरू झाली. प्रत्येक सर्व्हे नंबरला एक खातेदार, आणि सरकारचं नातं थेट त्याच्याशी. शेतकऱ्याच्या नावावर जमीन लागली हा त्यातला लाभ कमी नव्हता. पण तंटा गावातून कचेरीत गेला तो तेव्हापासून. पुढे १८६२ ते १८६९ या काळात हेन्री मेन हा कायदेपंडित व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य म्हणून कलकत्त्यात होता. परत गेल्यावर ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत त्याने मांडलं की हिंदुस्थानातली गावं बघितल्यावर इंग्लंडमधल्या जुन्या पट्ट्यांच्या शेतीचा अर्थ लागतो. म्हणजे जे त्यांनी घरी मोडलं, ते ओळखायला त्यांना इथली गावं उपयोगी पडली. ती ओळख पटेपर्यंत इथलीही घडी विस्कटत आली होती.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल तर नाममात्र मुद्रांक शुल्कात अदलाबदल करता यावी म्हणून. अशी योजना सरकारला आणावी लागते, यातच गावपातळीवर तंटा मिटवण्याची जागा किती रिकामी झाली आहे ते दिसतं.

मग लॅक्स्टनसाठी काय व्हावं? एक गोष्ट आधीच झाली आहे आणि ती थोर आहे. १९७७ मध्ये ब्रिटिश संसदेने कोर्ट लीट, म्हणजे लॅक्स्टनसारख्या जुन्या गावकोर्टांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले. बहुतेक ठिकाणी आता ती उरली आहेत ती फक्त समारंभापुरती. त्या कायद्यात मोजके अपवाद ठेवले गेले, आणि त्यांतला एक लॅक्स्टनच्या कोर्टाचा. खासदारांनी तेव्हा ओळखलं की इथे कोर्टाला अजून काम आहे. पण कोर्टाचा अधिकार राखून भागत नाही. पंच म्हणून बसायला कसणारी माणसं लागतात. माणसं राहतात ती कुळवहिवाटीवर, आणि तिथे जमीन भुसभुशीत आहे.

इंग्लंडमध्ये १९८४ च्या आधीच्या जुन्या करारांत कुळाचा हक्क मुला-नातवापर्यंत जाऊ शकत होता. १९९५ च्या कायद्यानंतरचे नवे करार मालक आणि कूळ आपसांत ठरवतील तेवढ्या मुदतीचे, आणि पुष्कळदा ते तीन-चार वर्षांत संपतात. लॅक्स्टनची पाळीच तीन वर्षांची आहे. तीन वर्षांत शिवाराचा एक फेरा पुरा होतो, आणि तेवढ्यात जाणाऱ्या माणसाला साइकाची, सरीची, शेजाऱ्याची ओळख कशी होणार? सरकारनेच नेमलेल्या बॅरोनेस केट रॉक यांच्या समितीने २०२२ मध्ये सांगितलं की कुळांच्या मुदती लांब व्हायला हव्यात. देशभरासाठी ते व्हायला उशीर लागेल. पण जिथे कसण्याची पद्धत हाच वारसा आहे, तिथे तरी कुळाला दीर्घ मुदत आणि वारसाचा हक्क कायद्याने का मिळू नये? चर्चच्या छपराला सार्वजनिक निधी मिळतो. तरुण शेतकऱ्याने हे पट्टे घ्यावेत म्हणून त्याच्या खंडात सवलत देणं हेही त्याच अर्थाने जतनच आहे.

मालकाच्या शब्दाचंही तसंच. सध्याचा मालक भला असेल. पण गाव पुढेही विकलं जाऊ शकतं, आणि पद्धत राखण्याची जबाबदारी जमिनीला चिकटलेली हवी, माणसाच्या भलेपणाला नव्हे. वारसा-इमारत विकली तरी तिचं बंधन नव्या मालकावर आपोआप येतं. शिवाराला ते लागू करायला काय हरकत आहे, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. विक्रीचा विषय निघाला तर गावच्या पंचांचं म्हणणं आधी ऐकणं बंधनकारक असावं, एवढी तर किमान अपेक्षा आहे.

२०२४ मध्ये ब्रिटनने युनेस्कोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाचा करार अखेर स्वीकारला. भारताने तो २००५ मध्येच स्वीकारला होता. आता तिथे देशभरच्या जिवंत परंपरांची नोंद करण्याचं काम सुरू झालं आहे. लॅक्स्टनच्या कोर्टाचं नाव त्या नोंदीत यावं असं मला मनापासून वाटतं. मात्र एक धोका सांगितला पाहिजे. यादीत नाव आलं की पाहुणे येतात, पाहुण्यांसाठी पोशाख येतो, आणि हळूहळू काम सोहळ्यासारखं दिसू लागतं. ज्या दिवशी पंच कॅमेऱ्यासाठी खुंटी ठोकतील, त्या दिवशी लॅक्स्टनही आर्लिंग्टन रोच्या वाटेला लागलेलं असेल. नोंदीसोबत कुळांचे हक्क आले तर ती नोंद उपयोगाची, नाहीतर तो आणखी एक फलक.

यंदा ज्या शेतात गहू आहे, तिथे पुढच्या वर्षी वसंतातलं पीक असेल, त्याच्या पुढच्या वर्षी पड, आणि मग पुन्हा गहू. तेव्हा पंच पुन्हा तिथे जातील. या तीन वर्षांत गावातलं एखादं कूळ म्हातारं होऊन शेती सोडेल. त्याचे पट्टे घ्यायला कोण येतं, किती मुदतीच्या करारावर येतं, आणि ते घर त्या पट्ट्यांसोबत जातं की वेगळं विकलं जातं, या तीन प्रश्नांची उत्तरं आत्ता, कागदावर, कायद्यात लिहून घ्यायला हवीत.